शब्द दिलेली मुले

पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या जवळजवळ मध्यावर, डोंगरांच्या रांगांमधल्या खोऱ्यात, ‘स्टेट कॉलेज’ याच नावाचे एक गाव आहे. गावाने कॉलेज काढले नाही, कॉलेजने गाव वसवले. नावात ते कबूलही केले आहे. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात आणि खुद्द गावाची वस्ती त्याच्या निम्मीदेखील नाही. माझी मोठी बहीण तिथे राहते. तिच्याकडे 2018 च्या उन्हाळ्यात सहा आठवडे आणि पुढे 2023 मध्ये आणखी काही दिवस मी राहिलो. या दोन्ही मुक्कामांत मी फुटबॉलचा एकही सामना पाहिला नाही, कारण हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. मी ऐकली ती हंगामापूर्वीची बोलणी. मला त्या खेळापेक्षा त्या बोलण्यानेच अधिक धरून ठेवले, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तो खेळ नसून ते बोलणे हाच आहे.

हे बोलणे असते येऊ घातलेल्या मुलांविषयी. अमेरिकेतली विद्यापीठे फुटबॉलसाठी शाळकरी मुले हेरतात, त्यांच्या घरी माणसे धाडतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. आणि कोणता मुलगा कुठे जाणार, आल्यावर काय करणार, याची चर्चा त्या विद्यापीठाचे चाहते वर्षानुवर्षे करतात. न्हाव्याच्या दुकानात, चर्चबाहेरच्या वाहनतळावर, अंगणातल्या शेगडीभोवती. बहिणीच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. ते इतिहास शिकवीत. पेन स्टेटमध्ये त्या वर्षी येणाऱ्या प्रत्येक मुलाचे गाव, शाळा, उंची, वजन आणि धाव त्यांना मुखोद्गत होती. धाव म्हणजे चाळीस यार्ड, साडेछत्तीस मीटरांच्या आसपास, किती सेकंदांत. साडेचार म्हटले की समोरचा मान डोलावतो. चार-आठ म्हटले की कुणीतरी शेगडीवरचे मांस उलटायला उठतो.

पेन स्टेटमध्ये या चर्चेला एक खास केंद्र आहे. ते म्हणजे लाइनबॅकर. बचाव करणाऱ्या अकरा जणांत पुढची फळी जमिनीला हात टेकून समोरच्यांना भिडते. तिच्या पाठीमागे तीन-चार पावलांवर जे उभे राहतात ते लाइनबॅकर. प्रशिक्षकांच्या बोलीत त्यांना माणसांची नावे आहेत: मधला तो माईक, प्रतिपक्षाच्या भक्कम बाजूचा तो सॅम, दुबळ्या बाजूचा तो विल. (नावातले आद्याक्षर पाहिले की कोडे सुटते; मराठीत ‘मधू’ वगैरे करता आले असते.) चेंडू हलल्याबरोबर क्षणार्धात लाइनबॅकरने ठरवायचे असते की डाव धावण्याचा आहे की फेकण्याचा, आणि त्याप्रमाणे पुढे घुसायचे की मागे सरायचे. समोरच्या एका ठरावीक खेळाडूच्या पहिल्या पावलावरून तो हे ओळखतो. या ओळखण्याला तिथे शब्द आहे ‘रीड’. वाचणे. ‘मुलगा धावतो छान, पण अजून वाचत नाही,’ असे मास्तर एका मुलाविषयी म्हणाले तेव्हा मला आमच्या प्राध्यापक-कक्षात बसल्यासारखे वाटले.

हे विद्यापीठ ‘लाइनबॅकर यू’ म्हणून ओळखले जाते, म्हणजे लाइनबॅकरांचे विद्यापीठ. त्याची एक वंशावळ आहे आणि ती मास्तर आपल्याकडे भाट सांगत तशी सांगतात. जॉन्सटाउन या पोलादाच्या गावातून आलेला जॅक हॅम: त्याला त्या वर्षीची उरलीसुरली शेवटची शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि तो पुढे सत्तरच्या दशकातल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा आधार झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रूसबर्ग या खेड्यातला शेन कॉन्लन: शाळेत असताना त्याची फारशी कुणी दखल घेतली नव्हती, आणि 2 जानेवारी 1987 च्या रात्री मायामीविरुद्धच्या निर्णायक सामन्यात प्रतिपक्षाच्या फेकी त्याने दोनदा मधेच झेलल्या, 14-10 असा तो सामना पेन स्टेटने जिंकला. मग लव्हार अ‍ॅरिंग्टन. हा मात्र शाळेपासूनच गाजलेला. 1998 साली इलिनॉयविरुद्ध चेंडू हलताच समोरची सगळी फळी उडीने ओलांडून तो पलीकडे उतरला. त्या उडीला तिथे त्याच्या नावाने ओळखतात. त्याचा क्रमांक 11. पुढे पॉल पॉसलझ्नी, डॅन कॉनर, शॉन ली.

ही वंशावळ नीट ऐकली तर तिच्यात एक अंतर्विरोध आहे, आणि चाहते तो दोन्ही बाजूंनी मजेत वापरतात. हॅम व कॉन्लन हे न ओळखले गेलेले, अ‍ॅरिंग्टन ओळखला गेलेला. तेव्हा येणाऱ्या मुलाला पाच तारे असतील तर तो नवा अ‍ॅरिंग्टन, आणि तीनच असतील तर, काय सांगावे, नवा हॅम. तारे हा हल्लीचा प्रकार. शाळकरी खेळाडूंची जोखणी करून ती पत्रिकांतून विकण्याचा धंदा सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झाला. आता मोठ्या कंपन्या प्रत्येक मुलाला दोन ते पाच तारे देतात. पाच तारे देशभरातून वर्षाला तीसएक मुलांनाच मिळतात.

ताऱ्यांपेक्षा मला शब्द अधिक महत्त्वाचे वाटले. ‘सीलिंग’ आणि ‘फ्लोअर’, म्हणजे हा मुलगा जास्तीत जास्त कुठवर जाईल आणि काही झाले तरी कुठे थांबेल. ‘फ्रेम’, म्हणजे देहाचा सांगाडा: आज 205 पौंड आहे, पण सांगाडा 235 पेलेल. ‘मोटर’, म्हणजे दमला तरी थांबत नाही. ‘रॉ’, कच्चा. आणि ‘ट्वीनर’: लाइनबॅकरसाठी जड, पुढच्या फळीसाठी हलका, धड इकडचा ना तिकडचा. तालमीत अंगकाठीची पारख करणाऱ्या वस्तादांची भाषा मराठीला नवी नाही, त्यामुळे ‘सांगाडा पेलेल’ हे ऐकून मी दचकलो नाही. दचकलो ते काळामुळे. यातली प्रत्येक संज्ञा भविष्यकाळी आहे. समोर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचे वर्णन करताना त्याच्याविषयी वर्तमानकाळी एकही वाक्य कुणी उच्चारत नाही.

अर्थात आम्हीही हे करतो. मराठीतल्या पहिल्या कवितासंग्रहांची परीक्षणे आठवून पाहावीत. ‘आश्वासक’ हा शब्द किती कवींच्या कपाळी चिकटवला गेला आहे! ‘कवीकडून अपेक्षा वाढल्या आहेत’, ‘पुढील लेखनात ही जाणीव अधिक सघन होईल अशी आशा वाटते’: या वाक्यांतून हातातल्या पुस्तकाचे वाचन जवळजवळ टाळलेलेच असते, जे वाचले जाते ते अजून न लिहिलेले दुसरे पुस्तक. आणि जूनमध्ये एम. ए. च्या प्रवेशयाद्या लागल्या की ‘यंदाची बॅच’ या विषयावर विभागात जे बोलणे होते त्यातही ‘सीलिंग’ असते आणि ‘फ्लोअर’ही असतो, शब्द तेवढे निराळे. अमुक मुलगी पीएच.डी. पर्यंत जाईल, तमुक मुलगा नेट काढेल आणि सुटेल. मग शेजारच्या मास्तरांच्या अंगणात आणि आमच्या कक्षात फरक काय, हा प्रश्न मी तिथे असताना बरेचदा उलटसुलट केला. एक फरक उघड आहे. आमच्या ‘आश्वासक’ कवीचा गुडघा निखळत नाही.

2018 च्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एक नाव होते: मायका पार्सन्स. हॅरिसबर्गचा, म्हणजे राज्याच्या राजधानीचा मुलगा, पाच ताऱ्यांचा. शाळेत तो पुढच्या फळीच्या टोकाला खेळे. पेन स्टेटने त्याला लाइनबॅकर करायचे ठरवले आणि त्याला 11 क्रमांक दिला. या मुलाने 2016 च्या फेब्रुवारीत, सोळा वर्षांचा असताना, पेन स्टेटला शब्द दिला होता. 2017 च्या एप्रिलमध्ये तो मागे घेतला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा दिला, या वेळी सहीनिशी. मास्तरांच्या मित्रमंडळात एक गृहस्थ होते, ते मधल्या आठ महिन्यांबद्दल अजून रुसलेले होते. ‘शब्द म्हणजे शब्द,’ ते म्हणाले. त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, ‘सोळाव्या वर्षी तुम्ही कुणाकुणाला शब्द दिला होता, ते तुमच्या बायकोला सांगू का?’

शब्द देणे हाच तिथला प्रयोग आहे, तोंडी शब्द. तो कायद्याने कुणालाच बांधत नाही. पूर्वी फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी मुले सही करीत. 2017 पासून डिसेंबरातही करू लागली. सहीचा कागद 1964 पासून चालत आला होता, तो 2024 च्या ऑक्टोबरात रद्द झाला आणि त्याच्या जागी आर्थिक मदतीचा करार आला. सहीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडतात, आई-वडील दोन बाजूंना बसतात, मुलगा एक टोपी उचलून डोक्यावर ठेवतो. लग्नासारखेच ते. पण या साऱ्यात ‘शब्द मोडला’ ही तक्रार नेहमी मुलाविरुद्धच ऐकू येते. विद्यापीठाने देऊ केलेली शिष्यवृत्तीही सहीपर्यंत तोंडीच असते. अधिक चांगला मुलगा मिळाला की ती गुपचूप विरते, आणि त्याला कुणी शब्द मोडणे म्हणत नाही, त्याला जागा भरल्या असे म्हणतात. प्रशिक्षकाचा शब्दही तसाच. 2025 च्या ऑक्टोबरात पेन स्टेटने मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढले. त्यांच्या भरवशावर शब्द दिलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी तोंड फिरवले, आणि फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेल्यावर त्यांतले कित्येक त्यांच्यामागे तिकडे गेले. बहिणीने फोनवर सांगितले की अंगणातले ते रुसणारे गृहस्थ या वेळी काहीच बोलले नाहीत.

पैशाचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरत्र भरपूर लिहिले जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही मुले शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही घेऊ शकत नव्हती, आणि त्यांच्या जिवावर लाखभर माणसे तिकीट काढीत होती. 1 जुलै 2021 पासून त्यांना आपल्या नावाचे व चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत. यामुळे खेळ बाटला असे म्हणणारे चाहते मला 2023 मध्ये पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. बाजार आधीपासूनच होता. त्यात विकल्या जाणाऱ्याला काही मिळू लागले, एवढाच बदल झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो.

मास्तरांची वंशावळ मी तीन-चार वेळा तरी ऐकली असेल. हॅम, कॉन्लन, अ‍ॅरिंग्टन. सन, सामना, गुण. प्रत्येक मुलगा कुठल्या गावचा, त्याला कुणी प्रथम पाहिले, तो आधी कुठे खेळे. इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असा तपशील. मात्र एक गोष्ट तिच्यात कधीच येत नसे: या मुलांना लाइनबॅकर केले कुणी? मौखिक परंपरा शिकवणाऱ्याच्या कानाला असली गाळलेली जागा लगेच टोचते. गुरुपरंपरा सांगताना शिष्यांची नावे येतात आणि गुरूचे येत नाही, असे आपोआप घडत नाही.

ते नाव जेरी सँडस्की. सत्तरच्या दशकात ते लाइनबॅकरांचे प्रशिक्षक होते, पुढे 1999 पर्यंत साऱ्या बचावाचे सूत्रधार. ‘लाइनबॅकर यू’ ही कीर्ती दीर्घकाळ त्यांच्याच नावाशी जोडलेली होती. पेन स्टेटच्या पद्धतीने लाइनबॅकर कसे घडवावेत यावर 1981 साली त्यांनी पुस्तकही लिहिले. 1977 मध्ये त्यांनी अडचणीतल्या मुलांसाठी एक धर्मादाय संस्था काढली होती. 2011 च्या नोव्हेंबरात त्यांना अटक झाली आणि 22 जून 2012 रोजी मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या 45 आरोपांत ते दोषी ठरले. 30 ते 60 वर्षांची शिक्षा झाली. अत्याचार झालेली मुले त्यांना त्या संस्थेतूनच मिळाली होती. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या कानांवर 2001 साली एक प्रकार आला होता. त्यांनी तो वरिष्ठांना सांगितला आणि पोलिसांपर्यंत कुणी गेले नाही. 2011 मध्ये पॅटर्नो यांना काढल्याच्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वृत्तवाहिनीची एक गाडी उलथवली. दोन महिन्यांनी पॅटर्नो वारले. मैदानाबाहेरचा त्यांचा पुतळा 2012 च्या जुलैत हलवला गेला.

ही हकीगत जगाला ठाऊक आहे. मी नवीन काही सांगत नाही. मला बोलायचे आहे ते अंगणातल्या त्या बोलण्याबद्दल. तिथे बसलेली माणसे निर्दय नव्हती. मास्तरांनी सदतीस वर्षे मुलांना शिकवले होते. पण मुलांच्या देहाकडे पारखी नजरेने पाहण्याची, त्यांना ‘आपली’ म्हणण्याची, त्यांच्या भविष्यावर हक्क सांगण्याची जी एक भाषा त्या खोऱ्यात चाळीस वर्षे मुरली होती, त्या भाषेत एका मुलाला आत्ता, या क्षणी, काय होते आहे हे विचारण्याची सोयच नव्हती असे मला वाटते. या भाषेने गुन्हा घडवला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सवंग होईल. गुन्हा एका माणसाने केला आणि काही जाणत्या माणसांनी तो दडपला. भाषेने फक्त माणसांची नजर सतत पुढच्या हंगामावर खिळवून ठेवली.

2018 मध्ये, निघण्याच्या आठवड्यात, मी मास्तरांना ते नाव विचारले. ते रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘माझ्याकडे ते पुस्तक होते. सहीचे. मी जाळले नाही. जाळले असते तर मी काहीतरी केले असे मला वाटले असते.’ मग त्यांनी मला 2012 सालच्या मुलांविषयी सांगितले. वंशावळीत ती मुले येत नसत, कारण त्यांनी फारसे काही जिंकले नव्हते.

त्या जुलैत संघावर हंगामोत्तर सामने खेळण्यास चार वर्षांची बंदी आली, 6 कोटी डॉलरचा दंड झाला, आणि असलेल्या खेळाडूंना वाटेल तिथे निघून जाण्याची मुभा मिळाली. इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक गावात येऊन मुलांना बोलावू लागले. तेव्हा मायकल मॉटी नावाचा एक लाइनबॅकर आणि त्याचा सोबती मायकल झॉर्डिच पत्रकारांसमोर उभे राहिले, मागे आणखी सहकारी, आणि आम्ही इथेच राहणार एवढेच त्यांनी सांगितले. मॉटीचा गुडघा तोवर दोनदा फाटला होता. त्या हंगामात अखेरच्या सामन्याच्या आधीच्या सामन्यात तो तिसऱ्यांदा फाटला. शेवटच्या सामन्यात सगळ्या खेळाडूंनी शिरस्त्राणावर त्याचा 42 हा आकडा लावला होता. पेन स्टेटच्या शर्टावर खेळाडूचे नाव नसते, ती तिथली जुनी आणि अभिमानाची रीत. पण राहिलेल्या मुलांची नावे लोकांना कळावीत म्हणून नव्या प्रशिक्षकाने 2012 मध्ये ती प्रथमच शर्टावर घातली. 2015 मध्ये ती पुन्हा काढली गेली. मास्तरांना ती काढायला नको होती. शब्द देणे म्हणजे काय यावर त्या अंगणात इतकी चर्चा होते, पण शब्द पाळणारी मुले तिथे अशी खासगीत, हळू आवाजात सांगितली जातात, हे मला फार विलक्षण वाटले.

डोक्यावरच्या आघातांविषयीही त्यांनीच काढले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या 53 महाविद्यालयीन खेळाडूंपैकी 48 जणांत आघातांनी होणारा मेंदूचा ऱ्हास आढळला होता. ज्यांना त्रास होता अशांचीच कुटुंबे बहुधा मेंदू दान करतात, म्हणून हे प्रमाण सर्वांना लागू होत नाही, हेही त्यांनीच सांगितले. आणि त्यानंतर पाच मिनिटांत ते मला ओटावाहून आलेल्या जेसी लुकेटाबद्दल, तो किती जोरात धडकतो याबद्दल, उत्साहाने सांगत होते. मी ऐकत होतो. मलाही ऐकावेसे वाटत होते, हे नमूद केले पाहिजे.

भाकिते पुढे कशी उतरली? 2018 च्या त्या खेपेतले लाइनबॅकर म्हणून गणलेले लुकेटा आणि निक टारबर्टन दोघेही अखेरीस पुढच्या फळीच्या टोकाला गेले. पार्सन्स दोनच हंगाम खेळला. 2020 मध्ये साथीमुळे त्याने खेळणे नाकारले, 2021 मध्ये डॅलसने त्याला घेतले, आणि व्यावसायिक खेळात तोही बहुतांशी टोकावरूनच हल्ला करू लागला, म्हणजे शाळेत जिथे होता तिथेच. फिलाडेल्फियाचा अब्दुल कार्टर 2022 मध्ये आला. त्यालाही क्रमांक 11, त्यालाही शेवटच्या वर्षी टोकाला नेले, आणि 2025 मध्ये तो साऱ्या देशातून तिसरा निवडला गेला. लाइनबॅकरांच्या विद्यापीठातले गाजलेले लाइनबॅकर असे एकामागून एक लाइनबॅकर उरले नाहीत. मास्तरांना यात काही विसंगत वाटत नाही. मुलगा येतो तेव्हा तो काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते, असे ते म्हणतात. आणि लगेच पुढच्या मुलाची उंची सांगतात.

2024 च्या अखेरीस सही केलेल्या मुलांत लव्हार अ‍ॅरिंग्टनचा मुलगा होता. कॅलिफोर्नियातून येणारा, बापाचेच नाव लावणारा, आणि लाइनबॅकरच. त्याला 11 क्रमांक द्यावा की नाही यावर त्या हिवाळ्यात अंगणात (म्हणजे आता थंडीमुळे बहिणीच्या स्वयंपाकघरात) दोन तट पडले. बहिणीने फोन मास्तरांच्या हाती दिला. मी त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, ‘अठरा वर्षांचा आहे. आधी जेवतो काय, झोपतो किती, ते बघा म्हणावं. आणि नंबर एखादा साधा द्या, जो आजवर कुणीच घातलेला नाही असा.’ मग थोडे थांबून त्यांनी मला त्याची उंची सांगितली.